थकण्याआधी थांबायचं

मेंदूला मार बसल्यावर काही आठवड्यांत टाके निघतात, डोकेदुखी उतरते, स्कॅनचा रिपोर्ट समाधानकारक येतो. आणि तरी सकाळी दात घासून झाले की पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. घरचे म्हणतात, दिसतोस तर ठणठणीत. पण दिसण्यावरून हा थकवा कळत नाही. इजा किती मोठी होती यावरूनही त्याचा अंदाज बांधता येत नाही. साधं कन्कशन (डोक्याला हिसका बसून झालेली मेंदूची हलकी इजा) होऊन त्याच दिवशी घरी आलेल्या माणसाला तो महिनोन्महिने पुरतो, तर मोठ्या शस्त्रक्रियेतून गेलेला एखादा त्यातून लवकर सुटतो.

रोजची दमणूक कामाच्या मानाने येते आणि रात्रभर झोपलं की जाते. हा थकवा यातलं काहीच पाळत नाही. आठ मिनिटं फोनवर बोललं की दोन तास डोकं बधिर. दहा तास झोपूनही सकाळी डोळ्यांवर तोच जडपणा. आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे तो कळतो उशिरा. काम चालू असताना बरं वाटत असतं, कधीकधी तर फारच बरं वाटतं, आणि माणूस गळून पडतो तो संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी. ‘दमलो की थांबेन’ हा आयुष्यभर चाललेला नियम म्हणूनच इथे चालत नाही. दमल्याचं कळेपर्यंत मर्यादा ओलांडून बराच वेळ झालेला असतो. थांबायची वेळ घड्याळाने ठरवायची, अंगाने नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

असं का होतं, हे थोडक्यात. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण आरामात बसलेलं असतानाही शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो घेतो. डोक्याला जोराचा हिसका बसला की मेंदूच्या लांबच्या भागांना जोडणारे तंतू ताणले जातात, काही तुटतात. मग तेच काम आडवाटेने, जास्त जोर लावून करावं लागतं. शिवाय नको ते आवाज, नको ते दृश्य आपोआप गाळून टाकणारी चाळणी ढिली पडते. समोरचा बोलतोय, मागे टीव्ही चालू आहे, पंखा घरघरतोय. धडधाकट माणसाला त्यातलं फक्त बोलणं ऐकू येतं, तुम्हाला तिन्ही सारख्याच जोराने ऐकू येतात आणि त्यातून बोलणं वेचून काढावं लागतं. त्या वेचण्यातच माणूस दमतो.

वेळापत्रकाकडे वळण्याआधी डॉक्टरांकडे एक फेरी हवीच, कारण थकव्याची काही कारणं उपचाराने जाणारी असतात आणि ती राहून गेली तर कितीही काटेकोर आखणी केली तरी गुण येत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, सोडियम, यकृत आणि मूत्रपिंड या साध्या रक्ततपासण्या झाल्या. थायरॉइडच्या बाबतीत एक खुबी आहे. डोक्याला मार लागला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा होऊ शकते, आणि तसं असेल तर थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं संप्रेरक, म्हणजे टीएसएच, नॉर्मल दिसू शकतं आणि नुसत्या त्यावरून दोष कळत नाही. म्हणून थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक मोजणारी फ्री टी-४ तपासणी सोबत मागून घ्यावी. सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल (शरीराला ताण पेलायला लागणारं संप्रेरक) तपासायचं का, हेही विचारावं. कॉर्टिसॉल कमी असणं अंगावर काढायची गोष्ट नाही.

मग झोप. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखत उठणं असेल तर स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराच्या झोपेची तपासणी, करून घ्यावी. मग औषधं. फिटसाठी दिलं जाणारं लेव्हेटिरासिटाम, डोकेदुखीसाठीचं अमिट्रिप्टिलिन, ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, यातल्या कितीतरींनी सुस्ती येते. वेळ किंवा मात्रा बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारायचं. फिटची गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस घेत असाल तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. नैराश्याचीही चौकशी करून घ्यावी. ते थकव्यासारखं दिसतं, थकव्यासोबत येतं आणि त्यावर उपाय आहेत. साधारण ओळख अशी: थकलेल्या माणसाला करावंसं वाटतं आणि झेपत नाही, नैराश्यात करावंसंच वाटत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात.

आणि काही लक्षणं थकव्याच्या खात्यात कधीच टाकायची नाहीत. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलट्या, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, फिट, लवकर जाग न येणारी गुंगी. यात वाट न पाहता तातडीच्या विभागात जायचं. वयस्कर माणसांत, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, मार लागल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा कवटीत हळूहळू रक्त साचू शकतं.

आता मूळ काम. पहिले दोन आठवडे काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. एक वही, पानावर चार रकाने: वेळ, काय केलं, किती मिनिटं, थकवा शून्य ते दहा. दर दोन तासांनी एक ओळ, गजर लावून. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीला काही अर्थ नसतो, कारण स्मरणशक्तीही त्याच इजेतून गेलेली असते. लिहिणं जड जात असेल तर घरच्यांनी विचारून लिहावं, किंवा फोनवर आवाजात नोंद करावी. आठवडा पुरत नाही, दोन लागतात. कोसळणं एक-दोन दिवस उशिरा येतं आणि एका आठवड्यात कारण आणि परिणाम यांची जोडी लागत नाही. वही भरली की लाल पेनाने सात किंवा त्याहून वरचे आकडे गोल करायचे आणि प्रत्येक गोलाच्या मागचे ४८ तास वाचायचे. तिथे बहुधा एक ‘चांगला दिवस’ सापडतो.

तो चांगला दिवसच घात करतो. आज जरा बरं वाटतंय म्हणून साचलेली कामं उरकली, दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळून, तिसऱ्या दिवशी अपराधी वाटून पुन्हा जोर, पुन्हा अंथरूण. वहीत हे डोंगर-दऱ्यांसारखं स्पष्ट दिसतं.

डोंगर-दऱ्या सपाट कशा करायच्या, तर हिशोबाने. समजा वाचन घेतलं आणि आठवड्यातले आकडे असे आले: ३०, १०, २५, ०, २०, १५, १२ मिनिटं. बेरीज ११२, सातने भागलं की १६. त्याचे पाऊण म्हणजे १२ मिनिटं. ही तुमची पायरी. चांगल्या दिवशी १२ आणि वाईट दिवशीही १२. गजर वाजला की वाक्य अर्धवट असलं तरी पुस्तक बंद. हे चांगल्या दिवशी जास्त कठीण जातं, आणि खरी कसोटी तीच. वाईट दिवशी १२ मिनिटंही झेपत नसतील तर सरासरीत काहीतरी फसलंय. पायरी निम्म्यावर आणायची. चालणं, स्क्रीन, बोलणं, उभं राहून करायची कामं, प्रत्येकाची पायरी वेगळी निघते. सगळं एकदम मोजत बसू नये, जास्तीत जास्त तीन गोष्टी.

मग पायऱ्यांच्या मधे विश्रांती. इथे बहुतेक जण चुकतात. फोन चाळणं म्हणजे विश्रांती नव्हे, टीव्ही नव्हे, गप्पाही नव्हेत. मेंदूच्या दृष्टीने ती कामंच. विश्रांती म्हणजे आडवं होणं किंवा मान टेकेल असं बसणं, खोली मंद, डोळे मिटलेले, फोन दुसऱ्या खोलीत. सुरुवातीला दिवसातून चार ते सहा वेळा, १५ ते २० मिनिटं, ठरलेल्या वेळी. थकवा असो वा नसो. ‘आत्ता गरज वाटत नाही’ म्हणून टाळलेली अकराची विश्रांती संध्याकाळी चारला वसूल होते. डोक्यात विचारांचा भुंगा चालूच राहत असेल तर श्वास मोजावेत, चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. तेही जमत नसेल तर नुसतं पडून राहिलं तरी चालतं.

दुपारची झोप वेगळी आणि तिला हद्द लागते: अर्ध्या तासाच्या आत, तीन वाजायच्या आधी. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की गाढ झोप लागते आणि त्यातून उठवलं तर माणूस आणखी भेलकांडतो. तीननंतर झोपलं तर रात्रीची झोप बिघडते. इजेनंतरचे पहिले काही आठवडे याला अपवाद. तेव्हा मेंदू मागेल तेवढी झोप द्यावी. उठायची वेळ मात्र रोज एकच, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि उठल्यावर अर्ध्या तासात अंगावर दिवसाचा उजेड. चहा-कॉफी दुपारी बारानंतर नको. कॅफीनचा निम्मा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि त्याने मिळतं ते उसनं अवसान. थकव्याची सूचना आधीच उशिरा येते, ती आणखी दाबून ठेवण्यात शहाणपण नाही. दारू पूर्ण बंद. तिने फिटची शक्यताही वाढते.

कामाचे तुकडे करणं म्हणजे काय, ते अंघोळीवरून दाखवतो. अंघोळ हे एक काम वाटतं. उभं राहणं, गरम पाण्याने रक्तदाब उतरणं, डोक्यावर हात नेऊन केस चोळणं, डोळे मिटल्यावर तोल सांभाळणं, बंद खोलीत घुमणारा पाण्याचा आवाज, ओल्या जमिनीची धास्ती, मग एका पायावर उभं राहून कपडे घालणं. सात कामं, सगळी सलग, तीही सकाळी, दिवसाच्या सुरुवातीलाच. त्यामुळे अंघोळ करून आलेला माणूस पांढराफटक पडतो आणि घरच्यांना वाटतं नाटक करतोय. उपाय असा. न्हाणीघरात रबरी पायांचं स्टूल. पाणी कोमट. कपडे आदल्या रात्री घालायच्या क्रमाने रचलेले. केस धुणं आठवड्यातून दोनदा, तेही वेगळ्या वेळी. डोळे मिटताना एक हात भिंतीला. अंग घासून पुसत बसण्यापेक्षा मोठा टॉवेल गुंडाळून पलंगावर दहा मिनिटं पडायचं, तेवढ्यात अंग आपोआप कोरडं होतं. कपडे बसूनच घालायचे. आणि अंघोळ सकाळीच केली पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. ज्यांची सकाळ कामाची त्यांनी संध्याकाळी करावी. एवढ्यानं वहीतला अंघोळीनंतरचा आकडा खाली येऊ शकतो.

अशीच चिरफाड प्रत्येक नेहमीच्या कामाची करता येते. भाजी बसून चिरणं, लागणारं सामान कमरेच्या उंचीवर ठेवणं हे सरळ आहे. न दिसणारा खर्च शोधणं जास्त किचकट. निर्णय घेणं हा मोठा खर्च: काय घालू, काय खाऊ, आधी काय करू. म्हणून दिवसाची यादी आदल्या दिवशी, डोकं ताजं असेल तेव्हा करायची, तीन कामांपुरती. तिघाचौघांच्या गप्पांत भाग घेणं हे एकाशी बोलण्यापेक्षा कितीतरी जड, कारण कोण बोलतंय, कुठे वळायचं, आपली पाळी कधी, हे सगळं सांभाळायचं असतं. व्हिडिओ कॉलपेक्षा साधा फोन हलका, फोनपेक्षा लिहिलेला निरोप हलका. काही जणांना मात्र वाचणंच जास्त जड जातं, वही सांगेल. वाचताना अक्षरं दुहेरी दिसत असतील, ओळ चुकत असेल, तर दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळण्यात अडचण असू शकते. ती तपासून घ्यावी, व्यायामाने सुधारते. आवाजासाठी कानात बोळे चालतात, पण गरजेपुरतेच. उजेडाचंही तसंच. घरात दिवसभर काळा चष्मा लावून बसलं की डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड आणखी बोचायला लागतो. बाहेर टोपी आणि चष्मा, आत पडदे.

रागही खर्चात धरायचा. दहा मिनिटांच्या भांडणानंतरचा आकडा तासभर चालल्यानंतरच्या आकड्यापेक्षा मोठा असू शकतो.

विश्रांती, विश्रांती म्हणून महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणं ही उलट टोकाची चूक. कन्कशननंतर पहिले २४ ते ४८ तास आराम, त्यानंतर हलक्या हालचालीला सुरुवात, असंच आता सांगतात. पडून राहिल्याने स्नायू आणि हृदय दोन्ही मंदावतात आणि थकव्यावर थकवा चढतो. व्यायामाचा जोर ठरवायला एक नेमकी रीत आहे. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वेग वाढवत चालायचं. डोकेदुखी किंवा चक्कर वाढायला लागते त्या क्षणाचे नाडीचे ठोके टिपायचे. समजा १३०. मग व्यायाम त्याच्या ८० ते ९० टक्क्यांत, म्हणजे १०४ ते ११७ ठोक्यांत, २० मिनिटांपर्यंत. त्रास दहापैकी दोन गुणांपर्यंत वाढला आणि तासाभरात उतरला तर चालेल. त्याहून जास्त वाढला तर त्या दिवसापुरतं थांबायचं आणि पुढच्या वेळी जोर कमी.

पायरी वाढवायची कधी? सलग एक आठवडा आकडे सपाट राहिले, सात किंवा त्याहून वर एकही नाही, तेव्हा. एका वेळी एकच गोष्ट आणि साधारण दहा टक्के. १२ मिनिटांच्या वाचनात दहा टक्के म्हणजे जेमतेम एक मिनिट. हसू येतं ऐकून, पण याच वेगाने सात-आठ आठवड्यांत दुप्पट होते. दोन आठवड्यांना एकदा वाढवलं तर साडेतीन-चार महिने. एकदम १२ वरून २५ वर उडी मारणारा माणूस बहुधा महिन्याने पुन्हा १० वर असतो. वाढवल्यानंतरच्या दोन दिवसांत आकडे किंचित वर जातात, घाबरू नये. चौथ्या दिवशीही खाली आले नाहीत तर मागची पायरी.

औषधाने हे टळेल का, हा प्रश्न प्रत्येकाचा असतो. जागं ठेवणारं मोडाफिनिल काहींना दिलं जातं. त्याने दिवसाची पेंग कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय, थकव्यावर मात्र तसा भरवशाचा परिणाम दिसलेला नाही. द्यायचं की नाही हे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. वही तेव्हाही लागतेच.

कामावर परतताना घाई सगळ्यात जास्त नडते. आधी घरी तालीम करावी: ऑफिसच्या वेळेला उठून, तयार होऊन, ज्या प्रकारचं काम करायचं आहे तसंच काम पायरी पाळून दोन तास. हे दोन आठवडे जमलं की प्रत्यक्ष कामाला सुरुवात दिवसाआड, दोन ते तीन तास. सलग दोन दिवस नाही, कारण थकवा दुसऱ्या दिवशी येतो आणि मधला रिकामा दिवस त्यासाठीच. प्रवास कामाच्या वेळेत धरायचा. गर्दीतला पाऊण तास म्हणजे टेबलावरचा पाऊण तासच. वरिष्ठांकडे ‘जरा सांभाळून घ्या’ असं मोघम मागण्यापेक्षा यादी द्यावी: कोपऱ्यातली जागा, मीटिंगचे मुद्दे आधी लिहून, मीटिंग अर्ध्या तासाची, दर ४५ मिनिटांनी दहा मिनिटं शांत खोली, एका वेळी एकच काम. अशी यादी मान्य होण्याची शक्यता जास्त असते. आधी तास वाढवायचे, जबाबदारी नंतर. दोन्ही एकाच महिन्यात वाढवली की घसरगुंडी. गाडी चालवण्याचा निर्णय डॉक्टरांच्या परवानगीनंतरच, आणि परवानगी मिळाल्यावरही विश्रांती चुकलेल्या दिवशी किल्ली हातात घ्यायची नाही.

घरच्यांचं काम ‘दमलास का?’ विचारण्याचं नाही. उत्तर नेहमी ‘नाही’ येतं आणि ते खोटंही नसतं, त्याला खरंच कळलेलं नसतं. बाहेरून मात्र आधी दिसतं. शब्द सापडेनासे होतात, ‘ते… ते हे’ वाढतं. नजर एका जागी ठरते. चेहरा उतरतो, उत्तरं एका शब्दात येतात, किंवा उलट बोलणं भरभर आणि चढ्या आवाजात होतं. वस्तूंना धक्के लागतात. प्रत्येकाचं पहिलं लक्षण वेगळं. वहीच्या मागच्या पानावर ते लिहून ठेवावं आणि एक खूण ठरवावी, चारचौघांत न लाजता देता येईल अशी. खांद्यावर हात ठेवला की पाच मिनिटांत उठायचं, वाद न घालता. वाद पुढच्या दिवशी घालावा, हवा असेल तर.

एवढं करूनही कोसळणं होतंच. ताप येतो, उन्हाळा येतो, रात्रीची झोप मोडते, घरात कुणाचं आजारपण निघतं. अशा वेळी काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं, कारण त्या अवस्थेत ठरवता येत नाही. पहिला दिवस खाणं, पाणी, औषधं आणि शौचालय, एवढंच. पण दर दोन तासांनी उठून घरात चार पावलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पायरी निम्मी. तिसऱ्या दिवशी पाऊण. चौथ्या दिवशी पूर्ण, बरं वाटलं तरी त्याहून जास्त नाही. आठवड्यानंतरही मूळ पायरी झेपत नसेल तर डॉक्टरांना फोन. आणि डोकं निवळलं की वहीत तीन ओळी: आदल्या दोन दिवसांत काय वेगळं झालं, कुठली विश्रांती चुकली, कुणाची कुठली सूचना ऐकली नाही. तिसरी ओळ घरच्यांकडून लिहून घ्यावी.